७३९३९१३३ ची वाटणी

आमचा दिल्या पडला गणिताचा मास्तर, म्हणून मुलगी बघायला जाताना मी त्याला बजावलं होतं, तोंड बंद ठेव. तर कोपरगावात पोह्यांची बशी हातात धरून हा मुलीच्या बापाला सांगतो, "मामा, ७३९३९१३३ ही लई चिवट संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. शेवटचा आकडा खोडा, उरलेलीलाही जात नाही. खोडत खोडत सातावर या, तरी तेच!"

मी म्हटलं, मोडलं लग्न.

मामा मात्र गंभीर झाले. "आमच्या सातबाऱ्याचंबी असंच हाय. एकेक भाऊ मेला, नाव खोडलं, पन वाटनी काय झाली न्हाई." मग खुर्ची पुढं ओढून हळूच विचारलं, "तुमची केस कंच्या कोर्टात हाय?"