धर्ममाता व्हायचं नाही

बोलिव्हियातल्या कोचाबांबात नोटरीच्या रांगेत माझ्यापुढे मावशी-भाची उभ्या होत्या. भाचीनं, निल्दानं, भाड्यानं द्यायला पहिलंच घर घेतलं होतं.

“भाडेकरणीच्या लेकराची धर्ममाता मात्र होऊ नकोस बाई. मी झाले आणि फसले. बाप्तिस्मा झाला, की ती घरचीच माणसं. मग भाडं कुठल्या तोंडानं मागायचं?”

“मी मागेन, मावशी. म्हणून तर करार पक्का करतेय.”

“मीही अशीच बोलायचे.”

“माझ्या भाडेकरणीनं विचारलंच होतं मला. रडारड झाली, तरी मी नाहीच म्हटलं.”

“शाब्बास! मग काय केलं तिनं?”

“काही नाही. मुलीचं नाव निल्दा ठेवलं. पण भाडं घेणार म्हणजे घेणारच!”

“घे की. आणि या पिशवीत काय आहे?”

“झबलं.”