तेल मुरेपर्यंत

(किनाऱ्यावरचं आवार. ठोकळ्यांवर ठेवलेली शिडाची होडी. तिच्या डोलकाठीच्या बुडाशी सासरे आणि सून.)

सून : बाबा, जोर लावू नका. पाना वाकेल, पण हा बोल्ट हलायचा नाही.

सासरे : म्हणून तर म्हणतो, घाई नको. तेल अजून मुरलं नाही.

सून : आठवडा झाला मुरतंय. एव्हाना दगडाला पाझर फुटला असता.

सासरे : दगड परवडला. स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमची डोलकाठी आणि मधे खारं पाणी. तिघांचं एकदा जमलं की कोण सोडवतंय!

सून : बसवताना ग्रीस लावलं असतं तर?

सासरे : ते तुझ्या नवऱ्याला विचार. 'हात बरबटतात, आणि आपण कुठे परत उघडणार आहोत?' म्हणे. पोटचा पोरगा आहे, पण हाताला वळण म्हणून नाही.

सून : तो घरी सामान बांधतोय. सगळ्या खोक्यांवर 'किरकोळ' लिहून ठेवलंय.

सासरे : घ्या! तिकडे नव्या घरी गेल्यावर चमचा शोधायला घर पालथं घालाल.

सून : उद्या ट्रक येतोय. डोलकाठी उतरल्याशिवाय होडी चढणार नाही. ग्राइंडर आणू का?

सासरे : खबरदार! बोल्ट कापायला जाशील आणि काठीचं बूड घालवशील. ट्रकवाल्याला पुढच्या आठवड्यात ये म्हणावं.

सून : तोवर मुरेल?

सासरे : मुरेल की. रोज संध्याकाळी येऊन घालतोय.

सून : या निळ्या डब्यातलं?

सासरे : हो, तेच.

सून : बाबा, याचं सीलसुद्धा फोडलेलं नाही. रोज संध्याकाळी इथे येऊन करता तरी काय?

सासरे : बसतो. काय करणार? काठी उतरली की होडी जाणार, होडीमागून तुम्ही. घर खायला उठेल मला.

सून : मग चला ना आमच्याबरोबर. कितीदा सांगितलं!

सासरे : येऊन करू काय? तुम्ही दोघं कामावर जाणार, मी खिडकीत बसून रस्ता बघणार. ज्या घरात आपलं काही काम नाही, तिथे माणूस पाहुणाच. चार दिवस कौतुक, मग अडगळ.

सून : अडगळ कोण म्हणतंय?

सासरे : कोणी म्हणत नाही. वाटतं ते वाटतंच. जाऊ दे, दे तो डबा इकडे. आणि तो गॅसचा बर्नर घे. आधी शेक दे. बोल्टला नको, भोवतीच्या काठीला. ॲल्युमिनियम लवकर फुगतं.

सून : असं?

सासरे : फिरवत राहा, एका जागी धरू नकोस. बास. आता विझव आणि लांब ठेव. तेल मी सोडतो. थोडं निवू दे… हं, हातोडीने टिचक्या मार. राग काढू नकोस, दार वाजवल्यासारखं.

सून : आता सोडवू?

सासरे : उलट. आधी किंचित आवळ.

सून : आवळू? सुटायला हवाय ना?

सासरे : जाम धरलेल्याला एकदम ओढलं की तो तुटतो. आधी जरा त्याच्या बाजूने जायचं. आवळ. आता सोड. पुन्हा आवळ. सोड…

सून : बाबा! कुरकुरला!

सासरे : ऐकलं मी. थांबू नकोस, येऊ दे हळूहळू.

सून : आला! पांढरी पूड बघा केवढी निघाली!

सासरे : शाब्बास गं पोरी. बाकीचेही असेच येतील, अंधार पडायच्या आत. आणि तिकडे काठी उभी कराल तेव्हा प्रत्येक बोल्टला ग्रीस थाप. म्हणजे पुन्हा उघडायला माझ्यावाचून अडायचं नाही.

सून : मग नाही लावत.

सासरे : वेडी आहेस का? परत धरतील!

सून : धरू देत. तुम्ही असाल ना घरात.

सासरे : ग्रीसचा डबा माझ्या पेटीत ठेव. तिकडे ते मी लावीन.