चौसष्टाव्या पानावरचा झरा

— बसा हो काकू, बसा, माझी पिशवी उचलतो. बाक काही माझ्या मालकीचा नाही. हो, हाच तो फाटा. डांबरी रस्ता इथं संपतो, पुढं दोन पायवाटा, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि मध्ये हा पत्र्याचा फलक, ज्यावर कुणी काही लिहिलेलंच नाही — पुस्तकात आहे अगदी तसंच, नाही का? स्कूटरवरून पुढं आलात ते बरं केलंत. बस दहाला येणार म्हणतात, म्हणजे सव्वादहा धरा. चाळीस वाचक, दोन आयोजक आणि स्वतः लेखक. मी? नाही, मी सहलीचा नाही. मी आपला बसलोय. पाणी घ्या आधी, चेहरा केवढा लाल झालाय तुमचा.

बघू पुस्तक? 'सकाळी जा, संध्याकाळी परत — घराजवळच्या बावन्न सहली'. अरे बापरे, किती खुणा केल्यात पेन्सिलीनं! आणि हे काय, टेकडीवरच्या मनोऱ्यापुढं 'पाऊण तास' खोडून 'दोन तास दहा मिनिटं'? हसलो म्हणून रागावू नका. तुम्हाला वाटलं असेल, आपलेच गुडघे कामातून गेले. मिस्टरांना बोलूनही दाखवलं असेल. काही झालेलं नाही तुमच्या गुडघ्यांना. तो पाऊण तास लेखकाचा नाहीच मुळी. तो एका वीस वर्षांच्या पोराचा पाऊण तास आहे, तोही निम्मा पळत काढलेला, कारण साडेअकराची परतीची बस चुकली असती तर पुढची थेट चारला. बावन्नपैकी एकोणपन्नास सहलींच्या वेळा त्या पोराच्या आहेत. लेखकानं त्या तशाच छापल्या. एवढंही डोक्यात आलं नाही की पंचावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, जिना चढताना मध्ये थांबणारा माणूस एवढ्या वेळात वर पोचेल कसा — बरं, मनोऱ्याच्या पायऱ्या किती आहेत माहीत आहे? एकशे अठरा. लेखकाला विचारा. पुस्तक न बघता सांगितलं तर मी नाव बदलतो.

मला कसं माहीत? माहीत आहे झालं. — आता असं बघू नका, काकू. बरं, सांगतो. ते पाय माझे आहेत. लेखक म्हणजे आमचे तीर्थरूप. बाप. सख्खा. नाक बघा आणि मागचा फोटो बघा, झाली खात्री? त्यांना गाडी लागते. खरंच, थट्टा नाही. सहलींवर पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला गाडी लागते! आत्ताही बसमध्ये पहिल्या सीटवर बसले असतील, खिडकी उघडी, मुठीत लिंबू, डोळे मिटलेले, आणि मागच्या लोकांना वाटत असेल, वा, लेखक निसर्गाचं चिंतन करतायत. 

पहिले तीन लेख त्यांनी स्वतः जाऊन लिहिले, हे कबूल. रविवारच्या पुरवणीत सदर होतं ना, त्यासाठी. चौथ्याला रस्त्यातच उतरून ओकले आणि घरी येऊन मला म्हणाले, 'तू जरा बघून ये, मला काय काय आहे तेवढं सांग.' मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. गेलो. धरण बघितलं, भिंतीवरून चाललो, संध्याकाळी जेवताना सांगितलं. आणि काकू, खरं सांगू — खोटं कशाला बोलू — मला फार बरं वाटलं होतं. ते वही घेऊन बसले होते. माझ्यासमोर. 'मग? पाणी कुठल्या रंगाचं होतं? वारा कुठून येत होता? नीट आठव.' मधेच फोन वाजला तर आईला म्हणाले, 'सांग, नंतर करतो, मी कामात आहे.' कामात म्हणजे माझं ऐकत होते! जन्मात पहिल्यांदा. त्या आधी आमचं बोलणं म्हणजे 'किती मार्क पडले' आणि 'दिवा बंद कर'. मग मी जायलाच लागलो. आठवड्यातून एकदा, मग दोनदा. बांबूचं बन, पक्ष्यांचं तळं, जुना आगगाडीचा पूल — सगळं मी. तासाला दांड्या पडल्या, हजेरी बुडाली, तर म्हणाले, 'एक वर्ष थांब. पुस्तक होऊ दे, मग जा परत. रजेचा अर्ज लिही, मी स्वतः नेऊन देतो, तिथला हेडक्लार्क माझ्या ओळखीचा आहे.' लिहिला. दिला त्यांच्या हातात. चष्मा लावून वाचला, एक काना चुकला होता तो दुरुस्त करून घेतला. असे काळजीवाहू!

आणि प्रस्तावना वाचलीत ना? वाचा, वाचा, पान सात. बायकोचे आभार, संपादकांचे आभार, बुटांचे — बुटांचेसुद्धा आभार मानलेत माणसानं, 'माझ्या झिजलेल्या बुटांनो'! ते बूट मी झिजवलेत. आणि त्याच्याखाली? 'आजची तरुण पिढी दहा वाजेपर्यंत अंथरुणात लोळते. शिक्षण अर्धवट सोडून घरी बसलेला असा एक नमुना माझ्याच घरात आहे.' नमुना. तो मी. तुम्ही हसला होतात ना ते वाचून? सगळेच हसले. आईही हसली. आईला सगळं ठाऊक आहे. ती म्हणते, 'त्यांचं नाव होतंय ना, मग तुझं काय जातंय? घरातल्या घरात कसले हिशेब!' आमच्याकडं मोठी माणसं चुकत नाहीत, काकू. त्यांच्या हातून फक्त होतं. 

बिस्कीट? द्या. सकाळपासून काही खाल्लं नाही.

कुठलं पान आवडलं म्हणालात? चौसष्ट. — अं? हो, ऐकतोय. वाचून दाखवा, दाखवाच. 'चार झिजलेल्या पायऱ्या, गंजलेला कठडा. खडकातून थेंब थेंब पाझरणारं गार पाणी. आणि त्या खडकात एक कपार, अशी अरुंद की हात जेमतेम कोपरापर्यंत जावा. मी कपारीशी तोंड नेऊन हाक मारली. क्षणभरानं आतून उत्तर आलं. मी तिथं तासभर बसून होतो. माझ्या दिवंगत आईचा आवाज मला…' पुरे. तुम्ही रडलात इथं? अहो, तुम्ही एकट्या नाही. याच पानावर सगळ्यांत जास्त पत्रं आलीत, म्हणून तर आजची सहल इथं आहे.

ती जागा नाही, काकू.

नाही म्हणजे नाही. वाट चुकलात असं नाही, जागाच नाही. डावीकडं गेलात तर अर्ध्या तासात विटांची भट्टी लागते, उजवीकडं कुंपण. पुस्तकाआधी इथं मी फक्त एकदा उतरलो होतो, चुकीच्या बसनं येऊन. सांगतो, थांबा, डोळे फाडून बघू नका माझ्याकडं. हे पान ज्या दिवसाचं, त्या दिवशी मी सहलीला गेलोच नव्हतो. वर्ष भरत आलं होतं, पुस्तक छापायला चाललं होतं, म्हटलं कॉलेजात जाऊन विचारावं कधीपासून बसायचं. ऑफिसला चार पायऱ्या आहेत, झिजलेल्या. कठडा गंजलेला. कोपऱ्यात पाण्याची टाकी, तिचा नळ वर्षानुवर्षं गळतोय, थेंब थेंब. आणि भिंतीत ती खिडकी — एवढीशी, हात कोपरापर्यंत जाईल एवढीच, वाकून तोंड आत घालून बोलावं लागतं. बोललो. बराच वेळ काही नाही, मग आतून आवाज आला, 'या नावाचा अर्जच आलेला नाही. नाव केव्हाच कमी केलंय.' मी म्हटलं, नीट बघा, माझ्या वडिलांनी स्वतः आणून दिलाय. तर आतून, 'वडिलांना विचारा.'

घरी आलो. बाप बाहेर गेला होता. टेबलाचा खण उघडला. वरच होता अर्ज, फार शोधावंही लागलं नाही. माझं अक्षर, माझी सही, तो दुरुस्त केलेला काना. आणि उलटा केला तर मागं पेन्सिलीनं त्यांचं अक्षर: 'पक्ष्यांचं तळं — काठावर वारा पश्चिमेकडून — पाणी शेवाळी — पोराला तिथं बगळे दिसले.' पाठकोरा कागद म्हणून वापरला होता! काकू, मुद्दाम दडवला असता ना, तर मला परवडलं असतं. मुद्दाम दडवायला निदान माझा विचार तरी करावा लागतो. हा विसरला. माझं अख्खं वर्ष त्याला पाठकोरं सापडलं.

नाही, भांडलो नाही. काय भांडायचं? 'अरे हो की, राहिलंच' — मला त्यांचं उत्तर पाठ आहे. संध्याकाळी जेवायला बसलो, वही उघडली, 'हं, आज काय काय पाहिलंस?' आणि मी सांगत सुटलो. जागा म्हणून हा फाटा ठोकून दिला. चार पायऱ्या. गंजलेला कठडा. पाणी. कपार. हाक मारली की थोड्या वेळानं आतून उत्तर येतं. म्हटलं, बघू या ओळखतो का. ज्या कॉलेजात अर्ज द्यायचा होता त्याचं ऑफिस मी त्याला इंच इंच सांगतोय, आणि हा मान डोलावत लिहून घेतोय! 'हाक काय मारलीस?' म्हणून विचारलं. मी म्हटलं, 'माझंच नाव.' त्यांनी थोडा विचार केला आणि तिथं आजीला आणून बसवलं. आजीशी चार वर्षं बोलत नव्हते हे, ती जाईपर्यंत. तुम्ही रडलात ती ही आजी.

उठू नका हो. बस येऊ दे. ऐका तरी, आज मी इथं कशाला आलोय ते. मला त्यांनीच पाठवलंय! काल रात्री म्हणाले, 'तू सकाळी पुढं जा. फाट्यावर बस. लोकांसमोर मला वाट विचारता येणार नाही, बरं दिसत नाही. तू डोक्यावर टोपी ठेवलीस तर मी उजवीकडं वळेन, हातात धरलीस तर डावीकडं. आणि ओळख दाखवू नकोस.' अजूनही त्यांना वाटतंय की झरा आहे. मी म्हटलं, ठीक आहे, पण एक करा. तिथं पोचल्यावर सगळ्यांसमोर सांगा, हा माझा मुलगा, या सगळ्या जागा यानं पाहिल्यात. एवढंच. माफी नको, आभार नकोत, बुटांइतकेही नकोत. तर म्हणाले, 'बघू.' 'बघू' म्हणजे काय ते आमच्या घरात भांड्यांनासुद्धा कळतं.

म्हणून टोपी आणलीच नाही. घरी खुंटीला आहे. आता त्यांना तोंड उघडावंच लागेल.

तसा फजितीलाच टपून बसलेलो नाही मी, तुम्ही समजता तितका वाईट नाही. ते पंपघर दिसतंय? त्याच्यामागून एक वाट आहे, वीस मिनिटांची — तुमची पस्तीस. जुन्या दगडखाणीत पाणी साठलंय. इतकं स्वच्छ की तळाशी पडलेलं कुदळीचं पातं दिसतं. परवा इथली वाट बघायला आलो तेव्हा सापडलं. हे एकच मी त्यांना सांगितलेलं नाही. त्या कपारीहून शंभर पटींनी चांगलं आहे, लोक खूश होऊन घरी जातील, पुस्तकाची पुढची आवृत्ती सुधारून काढता येईल, बापाची अब्रू शाबूत. मी ठरवलंय. बसमधून उतरून माझ्याकडं बघून नुसतं 'अरे' म्हणाले तरी चालेल. नाव घ्यायलाही नको. 'अरे' म्हणाले की मी उठणार आणि चाळीसच्या चाळीस माणसांना तिकडं नेणार. एक शब्द. एवढं स्वस्तात कोण सोडतं सांगा?

वडील आहेत म्हणून सोडून द्यावं — हो, हे येणार होतंच. तुम्ही कितव्या आहात हे सांगणाऱ्या, मोजायला हवं. जन्म दिलाय, मान्य. पण तो काय मी अर्ज देऊन मागितला होता? आणि दिला असता तरी खणातच —

आली. ती बघा, धूळ.

सांगितलं होतं ना? पहिली सीट. हातात लिंबू. पांढरा पडलाय नुसता — आई लाख वेळा सांगते रिकाम्या पोटी जाऊ नका. हां, सावकाश, पायरी उंच आहे. बघतोय. डोक्याकडं बघितलं माझ्या, बघितलंत? आता हाताकडं. टोपी शोधतोय! कपाळाला घाम बघा. लोक मागं जमलेत, आयोजक विचारतायत, कुठल्या बाजूनं सर? — काकू, तुम्ही मध्ये बोलू नका हं, पाया पडतो. येतोय इकडं. माझ्याकडंच येतोय. बोल. बोल ना —

अं? काय म्हणालात?

'भाऊ'?

नाही, ऐकू आलं. 'भाऊ, झऱ्याची वाट कुठली हो?' — ऐकू आलं मला. स्पष्ट विचारलंत.

काय की, काका. मी इथला नाही. बसची वाट बघतोय. या काकूंकडं पुस्तक आहे, पान चौसष्ट, त्यात बघा. आणि पुस्तक तरी कशाला — तुम्ही तासभर बसला होतात ना तिथं? आठवेल. आठवा सावकाश, लोक थांबतील.