लाल टिकली

—नाही नाही, तुम्ही बसा, मिस्टर लूशियस, माझ्यासाठी उठू नका, आत्ताच डायलिसिसच्या मशीनवरून उतरलाय तुम्ही, हाताला अजून कापूस लावलेला दिसतोय — मी बसतो ना या टोकाला. हुश्श. हा डावा गुडघा आहे ना, बसायला कुरकुर करत नाही, उठायचं म्हटलं की रुसतो. उशीर झाला, कबूल. तीनला येतो म्हणालो होतो नि आता वाजलेत तीन-चाळीस — पुलापलीकडे कुणीतरी कापूस पेरायचं अवजार अख्ख्या रस्त्यावर आडवं घालून चाललं होतं, पुढे जाऊ देईना, मागे वळू देईना. तुम्ही घड्याळाकडे बघताय. बघा, बघा, तुमचा हक्कच आहे. पण काल फोनवर बोललेला ड्यूई स्ट्रिकलंड तो मीच, नि चाळीस मिनिटांवरून माणसाची पारख करू नका एवढंच माझं म्हणणं. — का हसलात? हसला नाहीत? मला वाटलं हसलात.

तर मुद्द्याचं. शुक्रवारपासून आमच्या टीमचं तीन दिवसांचं शिबिर आहे, नवीन पोरांची चाचणी, त्यात तुमच्या टॅव्हला यायचं आहे. म्हणजे आम्हाला तो यायला हवा आहे. पोरगा माझा फोन उचलत नाही, एकदा उचलला तर म्हणाला, पॉपॉ म्हणतील तसं. आता पॉपॉ म्हणजे आजोबा, म्हणजे तुम्ही. म्हणून दोनशे मैल गाडी हाणत आलो, या पिकॅनच्या झाडाखाली बसलोय नि घाम पुसतोय. पाच वाजेपर्यंत मला वर नाव कळवायचं आहे. तुम्ही त्याला फक्त 'जा' म्हणायचं. एवढंच. शेंगा घेता? उकडलेल्या आहेत, वाटेत घेतल्या, गरम आहेत — हां, तुम्हाला मीठ चालत नाही. विसरलो. माफ करा.

मी काय करतो ते सांगितलं का तुम्हाला? सत्तावीस वर्षं आमच्या फुटबॉल टीमसाठी कॉलेजातली पोरं हेरत फिरतो. एप्रिलमध्ये बत्तीस टीम ओळीने पोरं उचलतात, सात फेऱ्या, चांगली आधी, मग उरलीसुरली. आमच्याकडे भिंतभर पाटी असते, प्रत्येक पोराच्या नावाची लोखंडी पट्टी, वर चांगली, खाली सुमार. नि ज्याच्या वागणुकीत खोट आहे असं कुणाला वाटलं, त्याच्या पट्टीवर लाल टिकली. गोल, शर्टाच्या बटणाएवढी. टिकली कशाने लागते? — कशानेही लागते. जॉर्जियाचा एक पोरगा, हत्ती अंगावर आला तर हत्ती बाजूला होईल असा, मालकाबरोबर जेवायला बसला नि मटणाच्या तुकड्यावर टोमॅटो सॉस ओतला. मालक म्हणाले, याला शिस्त नाही. टिकली. दुसऱ्याला आमच्या मानसतज्ज्ञाने विचारलं, तू प्राणी असतास तर कोणता? — वीस वर्षांच्या पोराला, सकाळी सात वाजता, चड्डीवर उभं करून — तो म्हणाला, कासव. सगळे वाघ-सिंह म्हणतात, हा कासव. टिकली. ते कासव मी सहाव्या फेरीत उचललं, नि ते नऊ वर्षं खेळलं. नऊ. वाघ-सिंह दुसऱ्या वर्षी गुडघे धरून घरी. बरं, ज्याने खरोखर बायकोवर हात उचलला होता, पोलिसात नोंद होती, त्याला टिकली होती का? नव्हती. त्याचा बाप मालकांबरोबर गोल्फ खेळायचा.

तर माझं नाव या धंद्यात झालं ते या टिकलीवाल्यांवर. तुमच्याकडे रस्त्याकडेला पीच विकायला बसतात ना, डागाळलेली पीच वेगळ्या टोपलीत, अर्ध्या भावात — मी त्या टोपलीचा माणूस. डाग सालीवर आहे की गरापर्यंत गेलाय, हे बोटाने दाबून कळलं पाहिजे. सगळ्यांना डाग दिसतो, दाबून बघायचा कंटाळा. मी दाबतो. एकदा तोंडघशी पडलो, नाही असं नाही — ओक्लाहोमाचा एक होता, दुसऱ्या आठवड्यात टीमने दिलेलं हेल्मेट, छातीचं चिलखत, सगळं विकून मासे धरायला निघून गेला, जाताना माझ्यासाठी चिठ्ठी ठेवून गेला, 'थँक यू मिस्टर ड्यूई'. लोकांनी वर्षभर मला 'थँक यू मिस्टर ड्यूई' म्हणूनच हाक मारली. पण हिशेबात मीच वर. पहिल्या फेरीचा माल सहाव्या फेरीत. आता आमचा नवा साहेब आलाय, हॅलोरन, चौतीस वर्षांचा, त्याला मैदान माहीत नाही, आकडे माहीत आहेत. तो म्हणतो, मिस्टर स्ट्रिकलंड, तुमच्यासारखी हेरणारी माणसं आम्हाला अजून किती दिवस लागणार? असं हसत विचारतो. दात चांगले आहेत त्याचे.

आणि तुमचा टॅव्ह. टॅव्हेरियस पिकेट. मी ऑक्टोबरात पहिल्यांदा पाहिला त्याला — पाऊस, चिखल, समोरची टीम चेंडू फेकायच्या बेतात, दोन आडदांड गडी याच्या अंगावर, नि हा त्या दोघांमधून असा निघाला, दारातून माणूस निघतो तसा, नि चेंडू फेकणाऱ्या त्यांच्या क्वार्टरबॅकला धरून हळूच खाली ठेवला. आपटला नाही. ठेवला. नि हात देऊन उठवला. मी वहीत काहीच लिहिलं नाही तेव्हा, नुसता बघत राहिलो. सत्तावीस वर्षांत असे तीन पाहिले. दुसऱ्या फेरीत जायचा पोरगा, मिस्टर लूशियस, पहिल्यात गेला असता तरी मी भुवई उंचावली नसती. नि गेला कुठे? — कुठेच नाही. सात फेऱ्या, अडीचशेच्या वर पोरं, नि हा नाही. कशामुळे? टिकलीमुळे. फेब्रुवारीत सकाळी आठची मुलाखत, हा आला आठ-चाळीसला. कारण विचारलं तर 'सॉरी सर', बस्स. आता कोणीतरी लिहिलं, 'उशिरा येतो'. लावली टिकली. लिहिणाऱ्याला तरी काय माहीत? हे तुमचं मशीन, तेव्हा तुमची पहाटे पाचची पाळी होती, त्या दिवशी मशीन बिघडलं नि त्याला थांबावं लागलं — आम्हाला कोण सांगणार? मला तर काल त्याच्या कोचने सांगितलं तेव्हा कळलं. या इमारतीत मी आजवर पाऊल टाकलेलं नाही.

मग तो एक शब्द बाहेर गेला. कसा गेला? — जातो. हॉटेलच्या लॉबीत वर्तमानपत्रवाले बसलेलेच असतात कान उघडे ठेवून. 'पोरगा वेळेवर उठत नाही' एवढंच कुणीतरी म्हणालं. मंगळवारी ते झालं, रात्री जागतो. गुरुवारी झालं, पितो. पुढच्या आठवड्यात गोळ्या घेतो. महिना संपेस्तोवर टॅम्पाच्या टीममधल्या एकाने मला गंभीर चेहऱ्याने सांगितलं की पोलिसांनी त्याला म्हणे दोनदा उचललाय, आतल्या गोटातली बातमी आहे, तुझ्यापुरतीच ठेव. मला! मी त्याला काय सांगणार, बाबा रे, ही माझ्याच — म्हणजे, ही बातमी मी आधीच ऐकली आहे म्हणून. तुमच्या चर्चमध्येही पोचलं असेल. पोचलं? — हं. तसं व्हायला नको होतं. भाव थोडा खाली यावा, चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत, इतपत ठीक असतं. जमिनीवर यावा असं कोणाच्याच मनात नव्हतं.

सातवी फेरी आली. आमची पाळी, पाच मिनिटं. मी म्हणालो, पिकेटला घ्या. हॅलोरन पाटीकडे बघतो — टिकली. आता आमच्याकडे एक रीत आहे, जुन्या साहेबांनी घातलेली: टिकली कोणीही लावू शकतो, पण काढायची तर ज्याने लावली त्यानेच. सगळ्यांसमोर उभं राहायचं, का लावली ते सांगायचं, का काढतोय ते सांगायचं, नि पाटीपर्यंत चालत जाऊन नखाने काढायची. चाळीस माणसांसमोर. चांगली रीत आहे. लोक विचार करून लावतात. तर हॅलोरन म्हणाला, कोणी उठतंय का? नि सगळे माझ्याकडे बघायला लागले — म्हणजे — मी खोलीत सगळ्यात जुना, म्हणून माझ्याकडे. मी म्हणालो, टिकली लहान आहे, घ्या तुम्ही. तो म्हणाला, उठताय का, मिस्टर स्ट्रिकलंड? मी म्हणालो, गुडघा दुखतोय. खरंच दुखत होता. पाऊस होता त्या दिवशी. पाच मिनिटं संपली, नि आम्ही एक चेंडूला लाथ मारणारा घेतला, उताहचा, छान पोरगा आहे, रोज दूध पितो.

म्हणून म्हणतो, झालं ते झालं. अजून वेळ गेलेली नाही. शिबिरात त्याला तीन दिवस बघितलं की हॅलोरनचे आकडे तोंडात बोट घालतील. नि तुमची काळजी करू नका, चर्चची व्हॅन तुम्हाला आठवड्यातून तीनदा आणेल-नेईल, मी बोलतो त्यांच्याशी. टॅव्हने केलं तेवढं तर कोणी करणार नाही, ते मला कळतं — त्या कोपऱ्यातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत तुम्ही, अंगावर ती निळी गोधडी, कॉलेजचं अक्षर उलटं शिवलेली, नि एवढा धिप्पाड पोरगा जमिनीवर फतकल मारून बसलेला, तुमचे पाय मांडीवर घेऊन चोळतोय, कारण तुम्हाला मशीनवर पेटके येतात —

काय झालं? असे का बघताय?

गोधडी. हां. ती — कोचने सांगितलं असेल. तोही बोलतो खूप. — नाही? कोच कधी आलेला नाही इथे?

बरं. बरं, मिस्टर लूशियस. ऐका. मुलाखत झाली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी पहाटे त्याच्या पिकअपच्या मागे आलो. माझं कामच आहे ते, दाबून बघायचं. त्या काचेशी उभा होतो. नर्सने विचारलं कोण हवंय, मी म्हणालो, बर्फ पोचवायला आलोय. पंधरा मिनिटं उभा होतो. नि मला काय वाटलं सांगू? लाज वाटायला हवी होती. आनंद झाला. इतका आनंद झाला की गाडीत बसून मी स्टिअरिंगवर हात आपटले — म्हटलं, हा डाग सालीवरसुद्धा नाही, हा डागच नाही, नि हे फक्त मला माहीत आहे. उरलेल्या एकतीस टीमना 'उशिरा' माहीत, 'का' फक्त मला. टिकली मी आधीच लावलेली होती. काढायची होती ना तेव्हा — सोमवारी जाऊन काढता आली असती. नाही काढली. उलट लॉबीत जाऊन बसलो. मी म्हटलं, पाचव्या फेरीपर्यंत खाली आणू, मग मी उठेन, सगळ्यांसमोर, गोधडी-बिधडी सगळं सांगेन, पोरगा आमचा, नि माझं पुन्हा नाव. सगळं ठरलेलं होतं. फक्त उठायचं तेवढं राहिलं. उठलो असतो तर लॉबीतलंही सांगावं लागलं असतं ना, कारण हॅलोरनने तेच विचारलं असतं, मग बाकीचं कुठून आलं, मिस्टर स्ट्रिकलंड?

मी वाईट माणूस नाही. म्हणजे — तुम्हीच बघा, मी आलो की नाही? दुसरं कोणी आलं का? शुक्रवारी जर तो नाही आला तर सोमवारी ऑफिसातली माझी खोली रिकामी करायची आहे, हे मी तुम्हाला सांगणार नव्हतो. ते सोडा. माझ्यासाठी नका पाठवू. त्याच्यासाठी पाठवा. तुम्हाला माहीत आहे ना तो काय खेळतो? तुम्ही पाहिलंय ना त्याला त्या चिखलात — नाही, तुम्ही कसे पाहणार, शनिवारी तुम्ही इथेच असता. मी पाहिलंय. देवाशपथ, मी पाहिलंय.

काहीतरी बोला की. शिव्या द्या. — तो बघा, पिकअप आली. किती वाजले? चारच्या ठोक्याला. दर वेळी चारच्या ठोक्यालाच येतो ना? हो, मला माहीत आहे.

उठताय? थांबा, मी हात देतो — नको? मशीनवरून उतरलाय, चक्कर येईल, एकट्याने नका — उठलातसुद्धा. टॅव्हला सांगणार आहात ना शुक्रवारचं? सांगाल तर सगळं सांगा, बर्फाचंसुद्धा, पण शुक्रवारचं सांगा. नाहीतर थांबा, मीच येतो गाडीपर्यंत, मीच सांगतो त्याला, त्याच्यासमोर उभा राहून सांगतो, तुम्ही ऐका — आलोच, उठतो, एक मिनिट, मिस्टर लूशियस, उठतोय मी, हा गुडघा जरा —