बाजूच्या खुर्चीवरची पिशवी

घाबरायचं ठरवून भुताच्या पिक्चरला कधी जाऊ नका, सांगतो. परवा अमरावतीला मी तसाच गेलो आणि जांभया देत बसलो. सोबत वलगावचा भाजीवाला नामदेव होता. त्याला मी ‘विनोदी आहे’ अशी थाप मारून नेलं होतं. तो मात्र शेवटपर्यंत खदखदून हसला.

दिवे लागल्यावर विचारलं, “नामा, एवढं हसू कशाचं रे?”

“पिक्चर कोन पाहून राहिलं, बापू? तुमच्या बाजूची म्हातारी पाहत होतो! तुमची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तुमी जांभई दिली की तुमच्या तोंडापाशी येऊन थेही तोंड वासे!”

बाजूची खुर्ची रिकामी होती, म्हणूनच तर मी पिशवी तिथे ठेवली होती. उचलायला हात लावला. एसीतही ती कोमट होती.

पिशवी तिथेच सोडली. आत नामदेवचीच वांगी होती, म्हातारीला लखलाभ.