‘स्पेअर रूम’मधला कच्चा आवाज

— नाही नाही, लिहा ना, ‘कोरलीने बँड सोडला’ असंच लिहा, सगळे तेच लिहितात. फक्त ते पेन खाली ठेवू नका हां, टोपण गिळेल ही. टेस, सोड. सोड बाई, काकांचं आहे ते. आठ महिन्यांची झाली, दात येताहेत. दिसेल ते तोंडात, आणि मी दिवसभर मोजत बसते काय काय गिळलं नाही ते. चहा घ्या. तुम्ही मासिकवाले, तुम्हाला आमच्या ‘वॉर्डरोब्स’ बँडबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पहिल्या दोन रेकॉर्डी फक्त आमच्या आयांनी विकत घेतल्या — आणि ही तिसरी, ‘स्पेअर रूम’, मेलबर्नमधल्या न्हाव्यांकडेसुद्धा वाजते! काल हिचं वजन करायला गेले, तर तिथली नर्स गुणगुणत होती. काय गुणगुणणार? त्यातलं तेच गाणं. तुम्हीही लिहिलंत ना गेल्या महिन्यात, ‘दुसऱ्या कडव्यात लिअ‍ॅनचा श्वास अडखळतो आणि ऐकणाऱ्याचं काळीजही अडखळतं.’ पाठ आहे मला. छान लिहिलंय. खोटं आहे, पण छान.

तो श्वास माझा आहे. म्हणजे — हिचा. आठव्या महिन्यात गायले मी ते गाणं. कच्चा आवाज म्हणून गायले हो, पक्का नाही. आधी कुणीतरी गाऊन ठेवायचं, म्हणजे बाकीच्यांना वाजवायला दिशा मिळते, आणि शेवटी तो आवाज पुसून टाकायचा — सगळेच पुसतात, त्यात राग मानायचा नसतो. बँडमधल्या रसेलला सर्दी झालेली, म्हणून तो म्हणाला, “कोरी, तू गा गं, तुझ्या पोटाला जागा होईल इतका माइक मागे घेतो.” असले विनोद त्याचे. गाताना दुसऱ्या कडव्यात हिने बरगडीखाली अशी लाथ घातली की माझा श्वासच तुटला. बस्स. एवढीच ती कला.

मग काय, त्यांनी पुसला. मी बाळंतपणात, बँडने दौऱ्यासाठी माझ्या जागी लिअ‍ॅनला घेतलं — गुणी आहे हो मुलगी, माझं तिच्याशी भांडण नाही. आहे. थोडं आहे. आख्खी दुपार ती कानाला हेडफोन लावून माझा आवाज ऐकत बसली होती. शब्द न् शब्द उचलला, आणि ती लाथसुद्धा! तिला वाटलं, मी मुद्दाम तशी गायले. मला कसं माहीत? अहो, मी होते ना तिथे. तीन आठवड्यांची टेस घेऊन ट्रामने स्टुडिओत गेले होते, ‘सहज आले’ म्हणून. कोण जातं सहज, टाके ओले असताना?

टेपवर सोळा पट्ट्या असतात, एकेका पट्टीवर एकेक आवाज. पंधरा भरलेल्या, सोळाव्या पट्टीवर मी. लिअ‍ॅनला गायला जागा हवी तर मला जायला हवं. बॅरी — रेकॉर्डिंग करणारा, बोलतो कमी — तो म्हणाला, “माझं ऐकाल तर हाच राहू द्या. याहून बरं होणार नाही.” रसेल माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, “तूच सांग, कोरी. तू म्हणशील तसं.”

हो, असं म्हणाला तो. मघाशी मी म्हटलं ना, त्यांनी पुसला — हो, ते मी... ते लिहिलंत का? बॅरीने एकदा वाजवून दाखवलं, आणि ही किंचाळतेय, माझा सदरा दुधाने भिजलेला, लिअ‍ॅन मला खुर्ची देतेय — खुर्ची! — आणि मला त्या आवाजात फक्त चुका ऐकू आल्या. सात वर्षं संगीत शिकले, त्याचा उपयोग हा. इथे सूर उतरलाय, तिथे दम नाही. मी म्हटलं, “बेसूर आहे. पुसा.” कुणीतरी नाही म्हणेल असं वाटलं होतं. रसेल म्हणाला, “बरं.” आणि टेपचं असं असतं, की पुसायला वेगळं काही करावं लागत नाही. लिअ‍ॅन त्याच पट्टीवर गायला लागली. ती एकेक ओळ गाईल तशी माझी एकेक ओळ गेली. मी काचेमागे हिला पाजत होते.

आता तुम्ही छापाल, ‘मूळ आवाज कोरलीचा’. रसेल नाकारणार नाही, तसा खोटारडा नाही तो. लोक विचारतील, मग दाखवा — आणि काय दाखवू?

बॅरीने एक कॅसेट दिलीय. त्या दिवशी, पुसण्याआधी माझं गाणं उतरवून ठेवलेली. माझ्या पिशवीत लंगोटांच्या खाली सरकवली. हो, आहे. आतल्या खोलीत. नाही, लावलेली नाही. एकदाही नाही. अहो, साधं आहे — बेसूर निघाली तर मी त्या दिवशी शहाणी ठरले. आणि नाही निघाली तर?

नको. आत जाऊ नका, ती कॅसेट आणू नका. बसा — नाही, बसू नका, उठा आता, हिच्या झोपेची वेळ झाली. ते पान फाडा. फाडा माझ्यासमोर. आणि लिहा, कोरलीने बँड सोडला.