जुनी टगबोट मार्गाबाहेर नेल्याबाबत

जबाब देणार : बुडालेल्या टगबोटीचा निवृत्त इंजिनचालक, वय ६६, राहणार जुन्या गोदीमागची कामगार वस्ती. बोटीचे कप्तान माझे थोरले भाऊ. ठाण्यात स्वतः येऊन सांगतो की,

जुनी गोदी बंद होऊन बरीच वर्षे झाली. देशातले निम्मे लोखंड आणि कापड एके काळी इथूनच बाहेर जायचे. आता मोठी जहाजे नव्या बंदरात लागतात आणि गोदीच्या जागी पाण्याकाठचे फ्लॅट होत आहेत. आमची टगबोट भंगारात निघाली होती. मोठ्या आगीच्या वर्षी तेलाचे पेटलेले जहाज याच बोटीने ओढून समुद्रात नेले, म्हणून शहर वाचले. तेव्हा सुकाणूवर आमचे वडील होते. शाळेच्या पुस्तकात त्या आगीचा फोटो आहे. त्यात जहाज दिसते, ओढणारी बोट फोटोबाहेर राहिली.

काल सकाळी भंगारवाले येण्याआधी दादा म्हणाला, तिला अशी थंडगार काढून द्यायची नाही, एकदा इंजिन सुरू करू. परवानगी घेतली नव्हती. वहिनीला बाजारात जातो असे सांगितले. बंद पडलेले इंजिन मीच खपून चालू केले होते. मी खाली असताना बोट हलली. वर येऊन विचारले, तर वडिलांनी ते पेटलेले जहाज नेऊन सोडले तिथवर जाऊन येऊ, म्हणाला. मी अडवले नाही. खरे सांगायचे तर मलाही जायचे होते.

बंदराच्या तोंडाशी, जहाजांच्या मार्गाच्या मधोमध, तळाचा गंजका पत्रा फाटला. पंपाला पाणी आवरेना. जहाजांना वाट दाखवणारी पायलट बोट मदतीला आली. मी तिच्यावर चढलो आणि दादाला हात दिला. तो आत येणाऱ्या मालवाहू जहाजाकडे बघत होता.

"ही इथे बसली तर अख्खं बंदर अडेल," एवढेच बोलला आणि सुकाणूकडे परत गेला.

मी म्हणालो, "अडू दे." त्याने ऐकले की नाही, सांगता येत नाही.

बोट मार्ग सोडून खडकांकडे गेली आणि तिथे कलंडली. दादा सुकाणूच्या खोलीतच होता. पाणबुड्यांनी संध्याकाळी वर काढला.

बंदराच्या साहेबांची तक्रार आहे की दादाने रागापोटी मार्ग अडवायचा घाट घातला. राग होता, नाही म्हणत नाही. तिथले कंटेनर बघून नव्या बंदराला तो डब्यांचे गोदाम म्हणायचा. पण काल तिथे जाणारे एकही जहाज अडले नाही, हे साहेबांनाही ठाऊक आहे.

इंजिन शेवटपर्यंत ठणठणीत चालले. पायलट बोटीवर मला त्याचा आवाज येत होता. मी ते इतके नीट केले नसते तर वाटेत बंद पडले असते, आणि दादाला उतरावेच लागले असते.

लिहिलेले मला वाचून दाखवले. मी बोललो तसेच आहे. फक्त 'सदर इसम' होते तिथे 'दादा' करून घेतले आणि खाली सही केली.